वसईचा दुभाषी आणि टोकियोचें विद्यापीठ

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहांत चौथ्या सायंकाळीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाचा हा सप्ताह आहे. गेल्या तीन सायंकाळीं आपण पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं, पवित्र मिस्साबलिदानाविषयीं आणि कुटुंबांतील रोझरीविषयीं ऐकिलें. आज व्यवस्थापक मंडळानें आम्हांस शिक्षणाविषयीं बोलण्यास सांगितलें आहे. विषयाची निवड मात्र त्यांनीं आमच्यावर सोंपविली, आणि ही आपली चूक झाली असें त्यांना थोड्याच वेळांत वाटेल. कारण आम्ही आपणांस वसईच्या वाड्यांतून उचलून थेट जपान देशाच्या राजधानींत नेणार आहों. तेथें येशूसंघाचें एक विद्यापीठ आहे. त्याचें नांव सोफिया.

इतक्या दूर जाण्याचें कारण घरचेंच आहे. महोत्सवाच्या निधींतून मुलांमुलींना शिष्यवृत्त्या द्याव्या असा ठराव आपण एकमतानें केला. त्या कोणत्या शिक्षणासाठीं द्याव्या यावर मात्र एकमत झालें नाहीं. बहुतेकांचें म्हणणें असें पडलें कीं, परिचारिकेचें काम, संगणकाचें काम, जहाजावरची नोकरी, यांच्या शिक्षणाला पैसा द्यावा. 'नुसत्या' विद्येला देऊं नये. सभा संपल्यावर एक गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांची कन्या बारावीची परीक्षा चांगल्या रीतीनें उतरली आहे. तिला इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकावयाचें आहे. त्यांतून जपानी भाषेचें तिनें मनांत घेतलें आहे. गृहस्थ म्हणाले, "फादर, तुमचें ती ऐकेल. असलें शिकून पोट भरतें का, एवढें तिला समजावून सांगा."

आम्ही 'पाहूं' म्हणालों. लगेच 'बरें' म्हणालों नाहीं, याचें एक कारण आहे, आणि तें सांगण्यास आम्हांस संकोच वाटतो. वीस वर्षांपूर्वीं दुसऱ्या एका धर्मग्रामांत असतांना एका मुलाला आम्हीं असेंच समजाविलें होतें. त्याला संस्कृत शिकावयाचें होतें. आमचें ऐकून तो हिशेबनीस झाला, आखातांत गेला, आणि त्यानें आईबापांचें घर बांधून दिलें. हें चांगलेंच झालें. पण एका नाताळांत भेटला तेव्हां त्यानें सहज विचारिलें, "फादर, तुम्ही स्वतः सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकलांत ना? मग मला कां नको म्हणालांत?" आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आजहि सुचत नाहीं. म्हणून या खेपेस समजूत घालण्यापूर्वीं थोडा विचार करावा असें ठरविलें.

जपानचें नांव निघतांच आपल्या मनांत एका वसईकराची मूर्ति उभी राहिली असेल. संत गोन्सालो गार्सिया सन १५५७ च्या सुमारास वसईंत जन्मला. बाप पोर्तुगीज, आई याच मातींतली. येशूसंघीयांच्या हाताखालीं शिकून तो पंधरा-सोळा वर्षांच्या वयांत त्यांच्याबरोबर जपानांत गेला. तेथें तो काय शिकला? त्या लोकांची भाषा. ती त्यानें अशी आत्मसात् केली कीं, कित्येक वर्षें तो लोकांना धर्मशिक्षण देत असे. येशूसंघांत घेतलें जावें ही त्याची इच्छा मात्र सफळ झाली नाहीं. पुढें त्यानें व्यापार केला, त्यांत पैका मिळविला, तो सोडून मनिला येथें तो फ्रान्सिस्कन संघाचा बंधु झाला. सन १५९३ मध्यें फिलिपीन्सच्या गव्हर्नरानें पेद्रो बाउतिस्ता या धर्मगुरूंना वकील म्हणून हिदेयोशीकडे पाठविलें, तेव्हां दरबारांत त्यांचे शब्द जपानींत बोलणारें मुख आपल्या वसईच्या या पुत्राचें होतें. सन १५९७ च्या ५ फेब्रुवारीस नागासाकी येथें सव्वीस जणांना क्रुसावर चढविलें, त्यांत तोहि होता. सन १८६२ मध्यें नववे पायस पोपमहाराजांनीं त्या सर्वांना संत म्हणून घोषित केलें.

आपण त्याचा सण करितों, गास येथें त्याच्या नांवाचें मंदिर आहे, आणि त्याच्या क्रुसाविषयीं आपण पुष्कळ प्रवचनें ऐकलीं आहेत. त्याच्या व्याकरणाविषयीं मात्र एकहि ऐकलेलें नाहीं. परक्याची भाषा शिकणें म्हणजे काय, याचा अनुभव ज्यानें घेतला आहे त्याला ठाऊक असतें. मोठा मनुष्य बाळासारखा बोबडा होतो, लोक हंसतात, आपली विद्वत्ता फुकट जाते. गोन्सालोनें हें हंसें तरुणपणींच सोसलें. क्रूस त्यानंतर आला.

त्याच्याहि आधींची एक गोष्ट गोंव्याची आहे. अंजिरो नांवाचा एक जपानी मनुष्य सन १५४८ च्या पेंटेकॉस्ट सणास गोंव्यांत बाप्तिस्मा घेऊन पावलु झाला आणि तेथील संत पावलाच्या महाविद्यालयांत शिकला. त्याच्याच सोबतीनें संत फ्रान्सिस झेवियर सन १५४९ च्या १५ ऑगस्टला कागोशिमाच्या किनाऱ्याला लागला. झेवियर हा मूळचा पॅरिस विद्यापीठाचा पदवीधर. जपानांत पोंचल्यावर त्यानें धाडलेल्या पत्रांत मियाको शहरांतील आणि पूर्वेकडील विद्यापीठांचा उल्लेख आहे. त्या लोकांना प्रश्न विचारण्याची हौस आहे, त्यांच्याशीं वाद करावयाचा तर शिकलेलींच माणसें पाहिजेत, हें त्यानें ओळखलें. पुढें ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, देशाचीं दारें बंद झालीं, आणि झेवियरच्या मनांतली गोष्ट साडेतीनशें वर्षें तशीच राहिली.

सन १९०५ मध्यें दहाव्या पायस पोपमहाराजांनीं अमेरिकेंतील बिशप विल्यम ओकॉनेल यांना जपानच्या सम्राटाकडे आपले वकील म्हणून धाडलें. परत आल्यावर त्यांनीं जें निवेदन केलें आणि इतरांनींहि जें कळविलें त्यावरून पोपमहाराजांनीं टोकियोंत उच्च शिक्षणाची संस्था काढण्याचें काम येशूसंघाकडे दिलें. सन १९०८ च्या ऑक्टोबरांत तीन धर्मगुरु योकोहामा बंदरांत उतरले. एक जर्मन, एक फ्रेंच, आणि एक इंग्लंडांत जन्मलेले पण अमेरिकेहून आलेले. पहिल्या दिवसापासूनच हें काम एका राष्ट्राचें नव्हतें.

त्यांतील जर्मन धर्मगुरूंविषयीं थोडें अधिक बोलण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं. त्यांचें नांव योसेफ डालमान. हे संस्कृताचे पंडित होते, आणि जपानांत येण्यापूर्वीं त्यांनीं महाभारतावर मोठा ग्रंथ लिहिला होता. हिंदुस्थानांतहि ते हिंडले होते. म्हणजे जें विद्यापीठ आपण पाहण्यास निघालों त्याच्या पायाचा एक दगड महाभारताचा अभ्यास करणाऱ्या धर्मगुरूच्या हातचा आहे. ज्या मुलाला आम्हीं संस्कृतापासून परावृत्त केलें त्याला ही हकीकत आम्हीं अद्याप सांगितलेली नाहीं.

सन १९१३ मध्यें विद्यालय सुरू झालें. तत्त्वज्ञान, जर्मन साहित्य आणि वाणिज्य असे तीन विषय. वाणिज्य होतेंच, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें. पोटाचा विचार त्या धर्मगुरूंनींहि केला होता. जपानी भाषेंत विद्यालयाचें नांव 'जोची', म्हणजे परमोच्च ज्ञान. पवित्र मरियेच्या लितानींत आपण तिला ज्ञानाचें आसन म्हणतों, त्या बिरुदावरून तें घेतलें आहे. आणि ग्रीक भाषेंत ज्ञान म्हणजे सोफिया.

अशा शिक्षणाला पाश्चात्य लोक 'उदार विद्या' म्हणतात. प्राचीन काळीं रोमन लोकांत स्वतंत्र मनुष्याला शोभतील त्या विद्यांना हें नांव होतें, आणि मध्ययुगांत ख्रिस्तसभेच्या शाळांनीं अशा सात विद्या मानिल्या : व्याकरण, तर्क, वक्तृत्व, अंकगणित, भूमिति, संगीत आणि ज्योतिष. या नांवाला हातानें काम करणाऱ्यास कमी लेखण्याचा जो थोडा वास येतो तो आम्हांस आवडत नाहीं. आपल्या तारणाऱ्याचे हात सुताराचे होते. परंतु त्यांतील मर्म खरें आहे. एखादी विद्या आपणांस एक काम करण्यास शिकविते. उदार विद्या, तें काम करावें कीं करूं नये, हें विचारण्यास शिकविते. दोन्ही पाहिजेत. पहिलीसाठीं पैसा द्यावयास आपण सारे तयार आहों. दुसरीचें नांव निघालें कीं आपण थैलीची दोरी आवळतों.

विद्यालयापुढें संकटें लवकरच आलीं. सुरू होऊन वर्ष-सव्वावर्ष झालें नाहीं तोंच महायुद्ध पेटलें, आणि जपान व जर्मनी एकमेकांचे शत्रु झाले. पहिले अध्यक्ष हेर्मान होफमान हे जर्मनच होते. (त्याच युद्धांत आपल्या मुंबईंत काय झालें हें वृद्धांनीं आपल्या वडिलांकडून ऐकलें असेल. सन १८६९ पासून सेंट झेवियर महाविद्यालय चालविणाऱ्या जर्मन येशूसंघीयांना इंग्रज सरकारनें अटकावांत ठेवलें व मायदेशीं धाडलें. पुढें त्यांची जागा स्पेनच्या येशूसंघीयांनीं घेतली.) सन १९२३ च्या भूकंपानें टोकियोंतील इमारतीची हानि केली. सन १९२८ मध्यें सरकारनें विद्यापीठाचा दर्जा दिला. हें सर्व आम्ही भराभर सांगतों, कारण भूकंपाहून मोठी एक परीक्षा पुढें होती.

सन १९३२. जपानांत सैन्याचा शब्द दिवसेंदिवस वजनदार होत होता. आदल्याच वर्षीं मांचुरिया घेतला होता. उच्च विद्यालयांत कवाईत शिकविण्यासाठीं सैन्याचा एक अधिकारी नेमलेला असे. मे महिन्यांत सोफियाचा हा अधिकारी विद्यार्थ्यांना घेऊन यासुकुनी देवस्थानीं गेला. देशासाठीं लढाईंत पडलेल्यांचे आत्मे तेथें देव म्हणून पूजिले जातात. नमस्काराची आज्ञा झाली, तेव्हां कांहीं थोड्या कॅथॉलिक विद्यार्थ्यांनीं मस्तक नमविलें नाहीं.

मूठभर पोरें, आणि एक न वांकलेली मान. पण त्यावरून केवढें वादळ उठलें! सैन्यानें आपला अधिकारी काढून घेतला. याचा अर्थ केवळ कवाईत बंद, एवढाच नव्हता. कवाईत पुरी केलेल्या पदवीधराला सैन्यांतील सक्तीच्या नोकरींत ज्या सवलती मिळत त्या जाणार, आणि विद्यार्थी तेथें येईनासे होणार. वर्तमानपत्रांनीं झोड उठविली. कॅथॉलिक म्हणजे देशाशीं बेइमान, असा डाग लागला. टोकियोचे आर्चबिशप शांबों यांनीं शिक्षणखात्याला विचारिलें कीं, हा नमस्कार धर्माचा कीं देशप्रेमाचा? उत्तर आलें कीं, तो देशप्रेमाचा व राजनिष्ठेचा. त्या उत्तराच्या आधारें मार्ग निघाला, अधिकारी पुढें पुन्हा नेमला गेला, आणि सन १९३६ मध्यें रोमहून परवानगी आली कीं, नागरिक या नात्यानें असा नमस्कार करण्यास कॅथॉलिकांना हरकत नाहीं.

बंधुभगिनींनो, आम्ही सेमिनरींत नीतिशास्त्र शिकलों. अशा प्रसंगीं भेद कसा करावा, हेतु कोणता, बाह्य कृति कोणती, हें आम्हांस शिकविलें आहे. धर्माधिकाऱ्यांनीं जें केलें तें नियमाला धरून होतें. आजहि जपानांत कॅथॉलिक शेंकडा अर्धा सुद्धां नाहींत. त्या चिमूटभर कळपाला लांडग्यांच्या तोंडीं देणें त्यांच्या जिवावर आलें असेल, आणि तसें यावेंच. तरीहि आमचें मन त्या मुलांकडे ओढ घेतें. सरकारनें 'हा धर्म नव्हे' असें कागदावर लिहून दिल्यानें तो धर्म नव्हता असें होतें काय? पुढच्या तेरा वर्षांत त्या नमस्काराच्या नांवाखालीं काय काय घडलें तें जगानें पाहिलें. त्या मुलांना तें आधीं दिसलें होतें असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांना इतकेंच ठाऊक होतें कीं, देश प्रिय असला तरी गुडघा टेकण्याची जागा दुसरी आहे. ही समजूत त्यांना घरीं मिळाली कीं वर्गांत, कोण जाणे. पण ज्या विद्यापीठांत अशीं मुलें बसूं शकतात तें विद्यापीठ आम्हांस हवें आहे. आणि ज्या विद्यापीठाला अशा मुलांमुळें अडचण होते त्याची अडचणहि आम्ही समजूं शकतों. या दोहोंचा मेळ घालणें आम्हांस साधलेलें नाहीं, हें मोकळेपणानें सांगतों.

त्याच दडपणाच्या दिवसांत, सन १९३८ मध्यें, सोफियाच्या धर्मगुरूंनीं 'मोनुमेंता निप्पोनिका' नांवाचें विद्वत्तेचें नियतकालिक काढलें. जपानचें साहित्य, इतिहास, धर्म यांचा अभ्यास पाश्चात्य भाषांतून जगापुढें मांडावा हा त्याचा हेतु. आजहि तें निघतें. जे लोक आपणांस परके म्हणून हिणवीत होते त्यांच्याच पूर्वजांचे ग्रंथ हे धर्मगुरु परिश्रमानें वाचीत व जगाला समजावून सांगत होते. गोन्सालोचा दुभाषीपणा येथें पुन्हा दिसला असें आम्हांस वाटतें.

युद्ध संपलें तेव्हां टोकियोचा मोठा भाग राख झाला होता. सन १९४९ मध्यें विद्यापीठानें इंग्रजींतून शिकविण्याचा एक आंतरराष्ट्रीय विभाग उघडला. पुढें नांवें बदलत सन २००६ मध्यें त्याचीच उदार विद्यांची शाखा झाली. सन १९५७ पासून स्त्रियांना प्रवेश मिळूं लागला. हें उशिराच झालें, असें येथें बसलेल्या भगिनी म्हणतील, आणि त्यांना कोण खोडून काढणार?

आतां 'आंतरराष्ट्रीय दृष्टि' या शब्दाविषयीं. हल्लीं आपल्या मुलांच्या तोंडीं तो फार असतो, आणि त्याचा अर्थ बहुधा एवढाच असतो कीं, परदेशचा परवाना मिळावा. त्यांत पाप नाहीं. आपल्या कित्येक घरांचीं कौलें त्याच पैशानें बदललीं. पण सोफियानें या शब्दाचा दुसरा एक अर्थ करून दाखविला आहे, आणि तो कंबोडियांत पाहावयास मिळतो.

योशिआकी इशिझावा हे सोफियाचे विद्यार्थी. सन १९६१ मध्यें ते प्रथम अंकोरला गेले. अंकोर वाट हें बाराव्या शतकांत विष्णूसाठीं बांधलेलें, पुढें बौद्धांचें झालेलें, जगांतील एक प्रचंड देवालय आहे. तेथें कंबोडियाचे तरुण तज्ज्ञ त्यांच्या बरोबरीनें काम करीत. मग ख्मेर रूज यांचें राज्य आलें, सन १९७५ ते १९७९. शिकलेल्या माणसाचा जीव घेण्यास त्याचें शिकलेलें असणें पुरेसें होतें. इशिझावा परत गेले तेव्हां त्या सोबत्यांपैकीं बहुतेक हयात नव्हते. दगड पुन्हा रचतां येतील. दगड ओळखणारीं माणसें कोठून आणावीं? जपानहून तज्ज्ञ नेऊन देवालय दुरुस्त करून देणें सोपें होतें, आणि त्यांत नांवहि झालें असतें. त्यांनीं तें केलें नाहीं. कंबोडियाच्या वारशाचें रक्षण कंबोडियाच्या लोकांनींच करावें, असा त्यांचा आग्रह. म्हणून त्यांनीं तेथील मुलांना शिकविण्यास घेतलें, गवंड्यांना दगड घडविण्यास शिकविलें, आणि सन १९९६ मध्यें सोफियानें सिएम रीप येथें यासाठीं एक केंद्र उघडलें. सन २००१ मध्यें बांतेय क्देय या देवालयाच्या आवारांत, शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्याच खोदकामांत, जमिनींत पुरलेल्या २७४ बुद्धमूर्ति हातीं लागल्या. त्या आज तेथील वस्तुसंग्रहालयांत आहेत. इशिझावा पुढें सोफियाचे अध्यक्ष झाले, आणि सन २०१७ मध्यें त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

कोणी विचारील, "फादर, कॅथॉलिक विद्यापीठानें बुद्धाच्या मूर्ति उकरून काढाव्या, यांत ख्रिस्ताचें काय?" हा प्रश्न आम्हीं स्वतःलाहि विचारिला. यासुकुनींत ज्यांनीं मान वांकविली नाहीं तेहि सोफियाचे, आणि परक्याच्या देवालयाचा दगड हळुवार हातानें उचलणारेहि सोफियाचे. आम्हांस यांत विरोध दिसत नाहीं. पूजा एक, आणि आदर दुसरा. ज्याला आपला गुडघा कोठें टेकावयाचा हें पक्कें ठाऊक आहे, तोच शेजाऱ्याच्या उंबरठ्यावर न भितां उभा राहतो. शेजारी मारिला गेला, त्याचें घर मोडलें, आणि तें पुन्हा उभारण्याची विद्या आपल्या हातीं आहे. मग ख्रिस्ताचें काय, हें त्या चांगल्या शमरोनी माणसाला विचारावें.

या विद्यापीठाशीं आणखी एक नांव आपण जोडतों, तें पेद्रो अरुपे यांचें. सन १९४५ च्या ६ ऑगस्टला ते हिरोशिमाजवळ नवशिक्यांचे गुरु होते. धर्मगुरु होण्यापूर्वीं वैद्यक शिकलेले असल्यानें त्यांनीं मठाचें इस्पितळ केलें. पुढें येशूसंघाचे प्रमुख झाल्यावर सन १९७३ मध्यें त्यांनीं स्पेनमधील व्हॅलेन्शिया येथें सांगितलें कीं, आमच्या शाळांतून दुसऱ्यांसाठीं जगणारीं माणसें निघालीं पाहिजेत. सोफियाच्या आवारांत हें वचन आज घोषवाक्य म्हणून चालतें. घोषवाक्यांवर आमचा विश्वास बेताचाच. पण सन १९८० च्या सुमारास तेथील विद्यार्थी व शिक्षक थायलंडमधील निर्वासितांच्या छावण्यांत कामाला गेले, तें घोषवाक्य नव्हे. सन १९८१ मध्यें दुसरे जॉन पॉल आणि सन २०१९ मध्यें फ्रान्सिस पोपमहाराज या विद्यापीठांत येऊन गेले. तेथील बहुसंख्य विद्यार्थी ख्रिस्ती नाहींत, तेव्हां दोघांच्याहि पुढें बसलेल्या तरुणांत बाप्तिस्मा न झालेलेच अधिक असणार.

आतां परत वसईला. शिष्यवृत्त्यांचा निधि मोठा नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. परिचारिका होणाऱ्या मुलींचा एक पैसाहि कमी करावा असें आमचें म्हणणें नाहीं. आजारी माणसाच्या उशाशीं बसणें हीहि परक्याची भाषा शिकण्यासारखीच गोष्ट आहे. आमची विनंति इतकीच कीं, दरवर्षीं एक शिष्यवृत्ति भाषा, इतिहास, तत्त्वज्ञान यांसाठीं राखून ठेवावी, आणि तिला संत गोन्सालोचें नांव द्यावें. येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर मंडळाची सभा आहे. विरुद्ध मत असलेल्यांनीं अवश्य यावें. आम्हांस त्यांचें ऐकावयाचें आहे, आणि ज्या वडिलांनीं आम्हांस प्रथम विचारिलें त्यांचें सर्वांत आधीं.

त्यांच्या कन्येला आम्हीं परवां बोलावून घेतलें. समजूत घातली नाहीं. तिची परीक्षा घेतली. मोबाइलवर धडे ऐकून ती सहा महिने जपानी अक्षरें गिरवीत आहे. तिनें आमच्या टेबलावरच्या मिस्साविनंतीच्या पाकिटाच्या पाठीवर 'गोन्सालो' हें नांव त्या लिपींत लिहून दाखविलें. पाकीट आम्हीं जपून ठेविलें आहे. तें बरोबर लिहिलें आहे कीं नाहीं, हें सांगणारा माणूस मात्र आपल्या धर्मग्रामांत अजून कोणी नाहीं.